कृष्णा गडावरून पाहिलीय का? अनुभव लिहा

माहुलीला दहाव्यासाठी कितीतरी वेळा गेलो असेन. पण वेण्णा कृष्णेला मिळते ती जागा साताऱ्यापासून कोणत्या अंगाला आहे, हे अजिंक्यताऱ्यावर मंगळाईच्या बुरुजावर बसलो तेव्हाच नीट उमगलं. काठावरून आपल्याला फक्त पाणी दिसतं. वरून नदीची चाल कळते. तुम्ही कुठून पाहिलीत? वाटेसकट लिहा.

वाईहून
आमचं जुनं घर धोम धरणात गेलं. वडील त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात त्यांना घेऊन नांदगण्यातून कमळगड चढले. वय एकाहत्तर, मी पाणी आणि भाकरी घेऊन मागे. वाट जंगलातून जाते, गोरखनाथाच्या देवळापाशी बराच वेळ टेकलो. माथ्यावर गेरूची विहीर आहे, लाल कातळात पायऱ्या खोल उतरत जातात, आत एकदम गारवा. ती बघून आम्ही कड्यापाशी आलो. खाली धोमचं पाणी पसरलेलं. वडिलांनी काठी रोखली, "ती सोंड उतरते ना, तिच्या पुढं आपली पड्याळ. तिथनं म्हशी नदीला न्यायचो." मला नुसतं निळं पाणी दिसत होतं. ते मात्र एकेक घर सांगत गेले, कुणाचा वाडा, कुणाचं खळं. उतरायला अंधार झाला. बॅटरी न्या, आणि पाणी घरूनच भरून घ्या.

कराडहून
वाईच्या ताई, वाचून गलबललो. आमच्याकडे वसंतगड. पायथ्याला तळबीड, सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचं गाव. माथ्यावर चंद्रसेनाचं देऊळ आणि दोन तळी, एकाचं नाव कृष्णा, दुसऱ्याचं कोयना. खाली कराडात या दोघी समोरासमोर येऊन भेटतात आणि पूर्वेला वळतात. सकाळी गड करा, संध्याकाळी प्रीतिसंगमावर बसा. पंताच्या कोटातली नकट्या रावळाची विहीर चुकवू नका. आणि तिच्यात बाटल्या टाकू नका, हात जोडून सांगतो.

वाळव्याहून
मच्छिंद्रगड अगदी सोपा आहे, पायऱ्या आहेत, म्हातारी माणसंही मच्छिंद्रनाथाच्या दर्शनाला चढतात. मी २०१९ चा पूर ओसरल्यावर गेले होते. एरवी वरून नदीच्या दोन्ही अंगांना हिरवागार ऊस. त्या दिवशी पाणी जिथवर चढलं होतं तिथवर सगळा पट्टा तांबडा-करडा, त्यापुढं हिरवं. पुराची रेघ रानातच उमटली होती. आमचं रान रेघेच्या आत होतं. बराच वेळ खाली उतरावंसं वाटेना.

सांगलीहून
आमच्याकडे उंच गड नाही. हरिपूरला संगमेश्वराच्या घाटावर जा, वारणा तिथं कृष्णेला मिळते. पावसाळ्यात दोन पाण्यांचे रंग वेगळे दिसतात. वाळव्याच्या ताई, त्या पुरात आमच्या घरातही छातीएवढं पाणी होतं. पुढच्या थंडीत मच्छिंद्रगडावर येतोय, आईलाही आणतो.