सिल्डेनाफिलसोबत सावजी मटण, संत्री आन् गजकर्णाची गोळी चालते काय?

प्रश्न: बीपीची ॲम्लोडिपिन ५ मिग्रॅ सुरू आहे. डॉक्टरांनी लिंगाच्या ताठरतेसाठी सिल्डेनाफिल ५० मिग्रॅ लिहून दिली. सावजीचं जेवण करून घेतली की असरच होत नाही. एक जण म्हणे, संत्र्यासोबत घेऊ नको. घरी तर आंबिया बहाराची संत्री पडली आहेत. गजकर्णासाठी इट्राकोनाझोलही चालू आहे.

उत्तर १: भाऊ, संत्री बिनधास्त खा. भानगड ग्रेपफ्रूटची आहे, ते फळ वेगळं. तर्रीचं तेल मात्र गोळीला आडवं येतं. तेलकट जेवणानं सिल्डेनाफिल रक्तात चढायला जवळपास तासभर उशीर होतो आणि जोरही कमी पडतो. रिकाम्या पोटी किंवा हलकं वरण-भात खाऊन, संबंधाच्या तासभर आधी घ्या. असर दिसला नाही म्हणून त्याच दिवशी दुसरी गोळी घेऊ नका. मोहाची असो की इंग्लिश, दारूवर घेतली तर बीपी पडून उठताना चक्कर येते.

उत्तर २: संत्र्याचं सोडा, खरी गोची इट्राकोनाझोलची आहे. सिल्डेनाफिल यकृतातल्या ज्या एन्झाइमनं मोडते तेच ही गोळी अडवते. म्हणजे ५० घेऊनही अंगात त्याहून बरीच जास्त राहते. ॲम्लोडिपिनही त्याच वाटेनं मोडते, तीही वाढते. बीपीवर दुहेरी मार! अशा वेळी डॉक्टर सिल्डेनाफिल सहसा २५ पासून सुरू करतात. इट्राकोनाझोलचा कोर्स संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे तिचा अंश अंगात असतो. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकनंही सिल्डेनाफिल अशीच वाढते. गजकर्णाला नुसतं मलम असेल तर हा प्रश्न येत नाही.

प्रश्नकर्ता: मग त्याच कामाची दुसरी गोळी, टॅडालाफिल घेतली तर जेवणाची कटकट नाही ना?

उत्तर २: जेवणाची नाही, इट्राकोनाझोलची आहेच. सोबत घ्यायचीच तर १० मिग्रॅच्या वर नाही, तीही ७२ तासांत एकदाच. तेही डॉक्टरांना विचारून.

उत्तर ३: कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. घरात म्हाताऱ्यांची सॉर्बिट्रेट असते, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची. सिल्डेनाफिल घेऊन २४ तास, टॅडालाफिल घेऊन ४८ तास झाले नसतील तर तिला हात लावायचा नाही, बीपी जीवघेणा उतरतो. हृदयाच्या दुखण्याची निकोरँडिल चालू असेल तर या दोन्ही गोळ्या बंदच. छातीत दुखलं तर १०८ बोलवा आणि कोणती गोळी, किती वाजता घेतली ते लाज सोडून सांगा. प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन असेल तर तेही. बाजारातली 'शक्तीची' पुडी घेतली असेल तरी सांगा. तशा पुड्यांत सिल्डेनाफिल मिसळलेली सापडली आहे, वेष्टनावर मात्र नुसती जडीबुटी.