मदत हवी आहे: स्लीव्ह सर्जरीनंतर ताईचा डबा कसा भरायचा?
ताईची पुढच्या महिन्यात स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन कमी करण्यासाठीची जठराची सर्जरी आहे. जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढतात, म्हणून घास लहान, प्रोटीन आधी, जेवताना पाणी नाही. नंतर अर्धा तास थांबून घोट घोट प्यायचं. व्हिटॅमिनच्या गोळ्या कायमच्या. सर्जरीच्या आधी लिव्हर आकसावं म्हणून काही दिवस पातळ आहार. हे डाएटिशियननी नीट समजावलंय.

माझी काळजी पुढची आहे. ताई बोरिवली ते चर्चगेट उभ्यानेच जाते. त्या गर्दीत, एक हात कडीला, बाटली काढणार कशी? शिवाय आम्ही शाकाहारी, अंडंही खात नाही. मुगाचं कढण, ताक, मऊ पनीर सोडून डब्यात काय चालतं? आणि ऑफिसात ‘एक घास तरी घे’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं? याचीच तिला सर्वांत धास्ती आहे. ज्यांची सर्जरी झालीय, त्यांनी कामावर परतल्यानंतरचे पहिले आठवडे कसे काढले ते कृपया सांगा.