मदत हवी आहे : भातकापणीच्या आधी वाडीची तयारी (फुरसं, वीज आणि १०८)

नमस्कार मंडळी,

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून पाऊण किलोमीटर पाखाडी चढून वर. २८ घरं, त्यातली ११ फक्त गणपती-शिमग्याला उघडतात. राहणाऱ्यांत साठीच्या पुढचेच जास्त. मी चिपळूणला नोकरीला, शनिवार-रविवार घरी. यंदा घट उठेपर्यंत हळवं भात कापणीला येईल, त्याआधी काही गोष्टी मार्गी लावायच्या आहेत.

कारण गेल्या वर्षीचं आहे. शेजारच्या काकी दुपारी भारे बांधत होत्या. गडग्याला टेकवलेला भारा उचलताना उजव्या हाताच्या बोटाला फुरसं (छोटा विषारी साप) चावलं. काटा लागला असेल असं वाटून त्या आणखी दोन भारे बांधत राहिल्या. हात सुजल्यावर आरडाओरडा झाला. कुणीतरी मनगटावर सुंभ आवळलं. बांगड्या काढायचं कुणालाच सुचलं नाही, त्या नंतर दवाखान्यात कापाव्या लागल्या. फोनला रेंज फक्त वर सड्यावर, म्हणून पुतण्या तिकडे धावला. १०८ लागला, पण पत्ता विचारल्यावर पोराला तालुका आणि वाडीचं नाव यापुढे काही सांगता येईना. त्याच नावाची वाडी शेजारच्या गावातही आहे. गाडी तिकडे गेली. चालकाचा यात काही दोष नाही, त्याला सांगितलं तिथे तो पोचला. शेवटी काकींना खुर्चीला बांबू बांधून खाली आणलं आणि वडापच्या जीपने नेलं. चावल्यापासून सलाईनमधून लस सुरू होईपर्यंत पावणेतीन तास गेले. काकी वाचल्या. बोट अजून पूर्ण मिटत नाही.

आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बांगड्या-अंगठ्या लगेच काढायच्या, हाड मोडल्यासारखा हात फळीला बांधून स्थिर ठेवायचा आणि माणसाला चालवायचं नाही, हे घरोघरी सांगून झालंय. मला अडतंय ते इथे :

१०८ ला आमच्यासारख्या ठिकाणचा पत्ता नेमका कसा सांगावा? आरोग्य केंद्रात लस आहे की नाही हे आधी कसं कळेल? दोन जुनी माणसं अजून "आधी मंत्र टाकून घेऊ" म्हणतात, त्यांचं काय करावं? आणि परतीच्या पावसात दुपारनंतर गडगडायला लागलं की सगळे मळ्यात असतात. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मी घेतलंय, पण रेंजच नसेल तर ते वाजणार कसं?

प्रतिसाद १

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन औषधनिर्मात्याला विचारा, "सर्पदंशाची लस किती कुप्या आहे?" फक्त "आहे का" विचारू नका. विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवातच ८ ते १० कुप्यांनी होते, आणि लहान मुलालाही मोठ्याइतकीच लागते. दोनच कुप्या असतील तर गाडी थेट पुढच्या रुग्णालयात न्यायची, हे आजच ठरवून ठेवा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर लस एकच आहे, त्यामुळे साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. चावल्याची वेळ मात्र कागदावर लिहून द्या.

भात राखायला खळ्यावर कुणी झोपतं का? मण्यार रात्रीच चावते, आणि बऱ्याचदा दुखतही नाही, दातांची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे ओवा देत बसतात. मी अशी माणसं फार उशिरा येताना पाहिली आहेत. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचून.

प्रतिसाद २

पत्त्याचं आम्ही असं केलं : जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, वाडी, जवळची शाळा, एसटी थांबा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, हे सगळं मोठ्या अक्षरात एका पाटीवर. तुम्ही ती सड्यावर, रेंज येते तिथेच लावा. घाबरलेला माणूस नुसतं वाचत जातो. गाडीला वाडीत नाही, थांब्यावर बोलवा, आणि एक माणूस बॅटरी घेऊन तिथे उभा करा. वाटेत झाड पडलं असेल तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.

मंत्रवाल्यांशी भांडू नका. आमच्याकडच्या बाबांना आम्ही विनवलं, "तुम्ही गाडीत बसा, वाटेत म्हणा." ते तयार झाले, आणि ते गाडीत बसले की बाकीचे आपोआप बसतात.

प्रतिसाद ३

विजेसाठी देवळातली घंटा वापरा. ज्याच्याकडे रेंज आहे त्याने पाहायचं आणि वाजवायची. पहिला गडगडाट ऐकू आला की विळा ठेवून पक्क्या घरात, आंब्याखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला हात लावायला घाबरू नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला तिथल्या तिथे सुरुवात करा. आणि भारा हाताने उचलण्याआधी काठीने उलटा करा.

कोकणात आहात तर विंचवाचंही विचारून ठेवा. लाल विंचू चावल्यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनीच जगाला दाखवलं. आरोग्य केंद्रात ते आहे का तेही बघा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी पाटी रंगवतो. घंटेचं गुरवांशी बोललो, ते हो म्हणाले. कुप्या विचारायला काकी स्वतः माझ्याबरोबर येणार आहेत.

एक राहिलं. खुर्चीच्या डोलीत काकी दोनदा कलंडल्या होत्या. पाखाडी जेमतेम तीन फूट रुंद, दोन ठिकाणी काटकोनात वळते. आडवं झोपवून नेता येईल असं कापडी स्ट्रेचर कुणी शिंप्याकडून शिवून घेतलंय का? लांबी किती ठेवली आणि बांबू कुठला वापरला, ते कळवा.