शयनगृहापुरता छोटा एअर प्युरिफायर : उपयोगी वस्तू की मनाचे समाधान?

चेंबूरकर (धागाकर्ता)
आमच्या इमारतीच्या दोन्ही बाजूंना पुनर्विकासाची कामे चालू असून हिवाळ्यात खिडकीच्या कठड्यावर सकाळी पुसलेली धूळ संध्याकाळपर्यंत पुन्हा बोटाला लागते. मुलाचा रात्रीचा खोकला थांबेना, म्हणून नोव्हेंबरात एक छोटा एअर प्युरिफायर घेतला. चार महिने वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की ही वस्तू उपयोगी आहे, पण खोक्यावर लिहिलेल्या कारणांसाठी नव्हे.

खोक्यावर ठळक अक्षरांत असते ते ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवण्याचे वचन. हा आकडा गाळणीतून एकदा गेलेल्या हवेचा आहे. खोलीतली किती हवा तासाभरात गाळणीपर्यंत पोहोचते, हे त्यातून कळत नाही. ते कळते सीएडीआर (यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देते) या आकड्यावरून, आणि तो बारीक अक्षरांत मागे छापलेला असतो. माझ्या यंत्राचा सीएडीआर ताशी १२० घनमीटर आहे. दहा बाय बाराची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३२ घनमीटर. म्हणजे पूर्ण वेगावर खोलीइतकी हवा तासाला पावणेचार वेळा गाळली जाते. खोक्यावर मात्र 'दोनशे चौरस फुटांपर्यंत' असे लिहिले आहे. तेवढ्या खोलीत हेच प्रमाण जेमतेम सव्वादोनवर येते. शिवाय पूर्ण वेगाचा आवाज असा, की शेजारी कोणी झोपू शकत नाही, आणि झोपण्याच्या वेगावर गाळण निम्म्याहून खाली जाते. तरीही दार-खिडक्या लावलेल्या लहान खोलीत ते पुरते, असा माझा दावा आहे.

खिडकीवाला
दावा मान्य नाही. मी वातानुकूलनाच्या कामात तीस वर्षे काढली आहेत. हवा गाळणे आणि हवा बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे यंत्र फक्त पहिली करते. बंद खोलीत तीन माणसे रात्रभर श्वास सोडतात. बाहेर चारशे-सव्वाचारशे पीपीएमच्या (हवेच्या दर दहा लाख भागांत तितके भाग) आसपास असणारा कार्बन डायऑक्साइड पहाटेपर्यंत हजाराच्या वर सहज जातो, आणि कोणतीही हेपा (अतिबारीक कण अडवणारी) गाळणी तो रोखू शकत नाही. रंगाचा वास, थिनरची वाफ यांचेही तेच. छोट्या यंत्रात कोळशाचा थर असतो तो नावापुरता. काही आठवड्यांत त्याची ताकद संपते आणि गाळणी मात्र वर्षभर तीच राहते. म्हणजे आपण खिडकी लावून एक दोष कमी करता आणि दुसरा वाढवता, वर त्याचे पैसे मोजता.

दुसरे असे की, मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियम काढले : भोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे, इमारतीला कापडाचे आच्छादन, पाण्याची फवारणी. आपल्या शेजारच्या जागेवर यातले काय आहे, हे कोणी पाहिले का? धूळ जिथे उडते तिथे ती अडवणे हे खरे काम.

नोएडावासी
खिडकीवाल्यांचे शास्त्र बरोबर आहे, पण सल्ला माझ्या उपयोगाचा नाही. नोव्हेंबरात इथे बाहेर पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) घनमीटरला तीनशे मायक्रोग्रॅमच्या पुढे जाते. आपल्याच देशाची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची १५. अशा हवेत 'खिडकी उघडा' हे कोणत्या तोंडाने सांगावे? तक्रार जरूर करावी, पण तिचा निकाल लागेपर्यंत मूल आज रात्री कुठल्या हवेत झोपणार, हा प्रश्न शिल्लक राहतोच. माझा आक्षेप वेगळा आहे : इतके छोटे यंत्र घेऊ नये. मोठे यंत्र घेऊन ते मंद वेगावर चालवावे. आवाजही होत नाही आणि गाळणही पुरेशी होते. दाराखालच्या फटीला कापडाची गुंडाळी लावली, तर फरक आणखी पडतो.

ठाण्याची सूनबाई
एक कबुली देते. आमच्याकडे यंत्र आले तेव्हा गाळणीवरची प्लॅस्टिकची पिशवी काढायची असते, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. दोन महिने ते तसेच चालले. त्या दोन महिन्यांत सासूबाई रोज सांगत होत्या की हवा हलकी वाटते, आणि खरे सांगायचे तर मलाही झोप बरी लागत होती. त्यामुळे 'आम्हाला फरक जाणवला' या वाक्यावरचा माझा विश्वास उडाला आहे. धागाकर्त्यांनी मुलाच्या खोकल्याखेरीज दुसरा काही पुरावा द्यावा.

खिडकीवाला
हेच मला म्हणायचे होते, इतक्या नेमक्या शब्दांत जमले नाही. नोएडाची गोष्ट मी वेगळी धरतो. पण मुंबईत दुपारी जमीन तापते, समुद्रावरून वारा येतो आणि साचलेले कण वर-खाली मिसळून विरळ होतात. उलट हिवाळ्यात पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून बसतो. आपल्याकडे मात्र पहाटे खिडक्या सताड उघडायच्या आणि दुपारी लावून घ्यायच्या, अशी रीत आहे. ती फिरवायला एक रुपयाही लागत नाही.

चेंबूरकर
पुरावा मागणे रास्त आहे. यंत्राच्या रंगीत दिव्यावर मी विसंबत नाही. न्हाणीघराचे दार उघडताच वाफेला धूळ समजून तो लाल होतो. म्हणून मित्राकडून कण मोजणारे वेगळे उपकरण आणले आणि खोली बंद करून एक उदबत्ती त्या उपकरणावरचा आकडा १८० होईपर्यंत जाळली. यंत्र बंद असताना तो ४० वर यायला पावणेदोन तास लागले. झोपण्याच्या वेगावर चाळीस मिनिटे, पूर्ण वेगावर बावीस. खिडकी चार बोटे उघडून, समोर काम चालू असताना यंत्र झोपण्याच्या वेगावर ठेवले, तर आकडा ४० वर आलाच नाही. सत्तरच्या आसपास घुटमळत राहिला. गाळणीही काढून पाहिली. बाहेरच्या जाळीवर केस आणि गादीचा कापूस होता, आत पांढऱ्या घड्यांवर सारखी राखाडी काजळी. पिशवी काढलेली होती, हेही नमूद करतो.

नोएडावासींचे म्हणणे पटले. पुन्हा घ्यायची वेळ आली तर दुप्पट सीएडीआरचे घेईन. खिडकीवाल्यांचेही अर्धे पटले : आता दुपारी दोन ते चार खिडक्या उघड्या असतात, आणि रात्री दाराला फट ठेवून आतली हवा घरात खेळती ठेवतो. दिवाणखान्यासाठी दुसरे यंत्र घेण्याचा बेत मात्र सोडला, कारण तिथली निम्मी धूळ बांधकामाची नसून आमच्याच फोडणीची निघाली. एक्झॉस्ट पंखा फोडणीच्या आधी लावायचा की ठसका लागल्यावर, यावर घरात बोलणी चालू आहेत.