पाइन की सागवान?

घरात लाकडी जमीन करायची तर पाइन स्वस्त म्हणून सुचवलं जातं, पण मुंबईत ते नकोच. मऊ लाकूड, खुर्चीच्या पायांनीसुद्धा खड्डे पडतात आणि वाळवी लवकर लागते. सागवान घ्या, तेही भट्टीत वाळवलेलं, गाभ्याचं, म्हणजे खोडाच्या आतल्या गडद भागाचं. फळीच्या कडेला पांढरट भाग दिसला तर ती सरळ परत करा, कीड तिथूनच शिरते. ओक टणक आहे, पण पावसाळ्यात सागापेक्षा जास्त फुगतं.

फळ्या आठवडाभर त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा. बसवताना भिंतीलगत चारही बाजूंनी 10 ते 12 मिमी फट सोडा, ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावतात त्या पट्टीखाली झाकते. सुतार ती फट पुट्टीने बुजवतात, मग लाकडाला फुगायला जागा उरत नाही आणि जुलैत जमीन मधोमध उचलते. तळमजला असेल तर आधी कोब्यातली ओल तपासा.