२०२४चे इंडी / ऑल्टरनेटिव्ह रॉक अल्बम: सलग, शफल न करता ऐकलेलेच सांगा

कर्जत_स्लो
डिसेंबर लागला की याद्यांचं पेव फुटतं. टॉप ५०, टॉप १००, आणि ते सगळे अल्बम यादी करणाऱ्याने तरी पूर्ण ऐकलेत का हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. म्हणून इथे एकच अट. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, शफल बंद, मध्ये रील न बघता, निदान तीनदा ऐकलेला अल्बम पाहिजे. दोन-तीनच सांगा, उगाच दहाची लाइन लावू नका. आणि कुठे बसून ऐकला ते पण लिहा, मला त्यातच जास्त इंटरेस्ट आहे.

माझ्यापासून सुरुवात करतो. फाँटेन्स डी.सी.चा 'रोमान्स', ऑगस्टमध्ये आला. डब्लिनचा बँड, चौथा अल्बम, आधीच्या तिन्ही अल्बमचा प्रोड्युसर डॅन कॅरी होता, या वेळी जेम्स फोर्डला घेतलंय आणि फरक लगेच कळतो, आवाज एकदम मोठा झालाय, स्टेडियमचा. त्यात 'स्टारबर्स्टर' म्हणून गाणं आहे, गायकाला लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनात पॅनिक अटॅक आला होता त्यावरून आलेलं. मध्ये मध्ये तो इतक्या जोरात श्वास आत ओढतो की तो श्वासच बीट होऊन जातो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्री ९:५० च्या गाडीत होतो, बदलापूर सोडलेलं, डबा निम्मा रिकामा, आणि मी चक्क मागे वळून बघितलं की कुणाला दम्याचा त्रास होतोय का म्हणून. मागे एक काकू शेवग्याच्या शेंगा मोडत बसलेल्या. त्या पण माझ्याकडे बघायला लागल्या.

दुसरा बेथ गिबन्सचा 'लाइव्ह्ज आउटग्रोन'. पोर्टिसहेड बँडची गायिका. दहा वर्षं या अल्बमवर काम चाललं होतं म्हणे आणि ऐकताना ते पटतं, कुठेही घाई नाही. वय वाढणं, शरीर बदलणं, जवळची माणसं जाणं असले विषय आहेत, पण बाई रडत नाही, सांगते. नेहमीच्या ड्रमकिटच्या आवाजापासून मुद्दाम लांब राहिलेत त्यामुळे तालवाद्यं जंगलातून आल्यासारखी वाटतात. आणि अल्बम संपल्यावर क्रेडिट बघितले तर इथे पण जेम्स फोर्ड! शिवाय द लास्ट डिनर पार्टी या बँडचा पहिला अल्बम पण त्याच्याकडेच झालाय. एका वर्षात हा माणूस झोपला कधी?

चला, येऊ द्या.

फर्स्टक्लासपास
मस्त अट. माझा एकच, शेलॅक, 'टू ऑल ट्रेन्स'.

बँडचा गिटारवाला-गायक स्टीव्ह अल्बिनी ७ मेला गेला, हार्ट अटॅकने, ६१ वर्षांचा होता, आणि १७ मेला हा अल्बम आला. तारीख आधीच ठरलेली होती, म्हणजे हा काही शोकसभेसाठी काढलेला अल्बम नाही. मागचा अल्बम २०१४चा. ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी: निर्वाणाचा 'इन युटेरो', पिक्सीजचा 'सर्फर रोझा', पीजे हार्वीचा 'रिड ऑफ मी', हे सगळं याच्या हातचं रेकॉर्डिंग. आणि हा माणूस रॉयल्टी घ्यायचा नाही. कामाचे ठरलेले पैसे द्या, मी रेकॉर्ड करतो, पुढे तुमचं गाणं तुमचं, मला प्रोड्युसर म्हणू नका. गवंड्याने घर बांधून द्यावं आणि मग जन्मभर भाडं मागू नये, तसा हिशोब.

अल्बम २८ मिनिटांचा आहे. ठाण्याला फास्ट पकडायची, प्ले दाबायचं, दादरच्या आसपास संपतो. नाव पण असं की सगळ्या गाड्यांना. गिटार ऐकताना पत्रा कापल्यासारखी वाटते आणि गाडीचा खडखडाट त्यात इतका बेमालूम मिसळतो की घरी शांततेत ऐकला तर काहीतरी कमी वाटतं. शेवटच्या गाण्यात तो नरकाची आपल्याला भीती नाही म्हणतो. मे महिन्याच्या त्या आठवड्यात दरवाजात उभं राहून ते ऐकलंय, अजून काटा येतो.

निव्वळ_भुणभुण
इंडी रॉक संपलं रे २०१० लाच. आता फक्त पन्नाशीचे बाप्ये आपल्या गुडघ्यांवर गाणी करतात.

जुनी_कॅसेट
पन्नाशीचा बाप्या हजर आहे, गुडघे ठीक आहेत.

द क्युअर, 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'. यंदा दुसरं काही मनात आलंच नाही खरं सांगायचं तर. १६ वर्षांनी अल्बम, मधल्या काळात त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ येणार येणार म्हणत राहिला आणि आम्ही हो हो म्हणत राहिलो, पाऊस येणार म्हणतात तसं. कॉलेजात असताना त्यांच्याच 'डिसइंटिग्रेशन'ची कॅसेट फोर्टमधल्या ऱ्हिदम हाउसमधून घेतली होती, पॉकेटमनी साठवून, ती टेप इतकी ऐकली की बी साइडला आवाज लहरायला लागला, मला कित्येक वर्षं वाटायचं ते गाणंच तसं आहे.

तर हा अल्बम आला १ नोव्हेंबरला. १ नोव्हेंबरला काय होतं आठवा. लक्ष्मीपूजन. पूजा झाली, प्रसादाचे धणे-गूळ वाटून झाले, खाली सोसायटीत दहा हजारांची माळ लागलेली आणि मी बेडरूममध्ये दार लोटून, हेडफोन लावून 'अलोन'. त्या गाण्यात आवाज यायला तीन मिनिटांच्या वर लागतात. नुसते ड्रम्स आणि कीबोर्ड, सावकाश, कुणीतरी जड फर्निचर सरकवतंय असे. बायको फराळाची ताटली घेऊन आली, माझं तोंड बघून म्हणाली सणासुदीला काय हे सुतकी चेहऱ्याने बसलायस. काय सांगणार.

आठच गाणी. एक त्याच्या भावाच्या मृत्यूवर आहे. शेवटचं 'एंडसाँग' दहा मिनिटांचं, त्यातली पहिली सहा मिनिटं तर तो गातच नाही. एवढं असून इंग्लंडमध्ये हा अल्बम पहिल्या नंबरला गेला, १९९२च्या 'विश'नंतर पहिल्यांदाच. ६५ वर्षांचा माणूस, तोच विस्कटलेला केसांचा टोप, तीच लिपस्टिक, आणि आवाज म्हणाल तर एक कण हललेला नाही. मला या वर्षी वडिलांच्या वस्तू आवरायच्या होत्या, कपाट, चष्मे, बँकेची पासबुकं, ते सगळं याच अल्बमवर केलं. त्यामुळे मी काही निष्पक्ष नाही.

पेडलबोर्ड
कॅसेटकाका, __/\__

मी पुण्यातला, गिटार वाजवतो (कॉर्पोरेट बँड, लग्नात पण वाजवलंय, हसू नका). माझा अल्बम एमजे लेंडरमनचा 'मॅनिंग फायरवर्क्स', सप्टेंबरचा. नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिलचा पोरगा, विशीतला, वेन्सडे नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा, पूर्वी आइस्क्रीमच्या दुकानात पण काम करायचा. याची गाणी म्हणजे हरलेल्या, फुशारक्या मारणाऱ्या, मनातून घाबरलेल्या पुरुषांचे किस्से. प्रत्येक गाण्यात एखादी फालतू वस्तू येते आणि तिच्यावरच सगळं गाणं पेलतं. घड्याळ, हाउसबोट, असलं काहीतरी. विनोदी वाटतं आणि मग चालता चालता कळतं की अरे हा आपला चुलतभाऊच आहे. अल्बम आल्यावर तीन आठवड्यांत हेलीन वादळाने त्याच अ‍ॅशव्हिलची वाट लावली, ते बातम्यांत बघताना उगाच ओळखीच्या गावाला काही झाल्यासारखं वाटलं.

सोलो वाजवताना तो फारसं काही वाजवत नाही, हे लिहायला सोपं आहे पण मी महिनाभर प्रयत्न केला, होत नाही. आपण लगेच वेगात घुसतो. तो नोट ओढतो, सोडून देतो, थोडी बेसूरच ठेवतो. शेवटचं गाणं दहा मिनिटांचं आहे आणि त्यातला बराच भाग नुसता घुमत राहणारा आवाज. पहिल्यांदा वाटलं माझं गिटारचं पेडल चालू राहिलं.

त्याला जोडून वॅक्सहॅची, 'टायगर्स ब्लड'. म्हणजे अलाबामाची गायिका केटी क्रचफिल्ड. 'राइट बॅक टू इट' मध्ये लेंडरमनच मागे गातोय आणि वर बँजो. आता नावाबद्दल. वाघाचं रक्त म्हटल्यावर मला वाटलं काहीतरी भयंकर असणार, मेटल वगैरे. तर तिकडे बर्फाच्या गोळ्यावर घालतात त्या एका सिरपचं ते नाव आहे! स्ट्रॉबेरी, कलिंगड आणि नारळ. म्हणजे आपल्याकडे कुणी वर्षातला सगळ्यात हळवा अल्बम काढला आणि नाव ठेवलं 'कालाखट्टा'. हे कळल्यावर शेवटचं गाणं ऐका, लाल झालेली जीभ दिसायला लागते.

निव्वळ_भुणभुण
ओके कालाखट्टा आवडला. माझा एक घ्या मग. फादर जॉन मिस्टी या गायकाचा नोव्हेंबरमधला. नाव 'महाश्मशान', खरंच, तेच. पहिलंच गाणं नऊ मिनिटांच्या वर, व्हायोलिनांचा महापूर. आजीने विचारलं काय ऐकतोस, मी नाव सांगितलं, ती म्हणाली तसं काशीला म्हणतात, तिथे हा गोरा काय करतोय. मी गुडघ्यांबद्दल बोललो ते मागे घेत नाहीये पण.

लीड्सची_सून
बायकांनी पण लिहायचं का इथे? :)

मी सात वर्षं लीड्समध्ये आहे, त्यामुळे माझं मत इथल्याच इंग्लिश टीचर बँडला. 'धिस कुड बी टेक्सस', पहिलाच अल्बम आणि थेट मर्क्युरी प्राइझ, इथलं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस. लंडनबाहेरच्या कुणाला ते मिळालं २०१४ नंतर पहिल्यांदा, त्यामुळे ऑफिसात असं वातावरण की जणू रणजी ट्रॉफी विदर्भाने मारली. गायिका लिली फाँटेन लँकाशरमधल्या कोल्न नावाच्या लहान गावाकडची आहे आणि अर्धा अल्बम त्या गावाबद्दलच, बंद पडलेली दुकानं, गल्ल्या, जगातली सर्वात मोठी फरशी असल्या गावच्या फुशारक्या. मी मूळची इचलकरंजीची. तो सगळा पट्टा पण कापडगिरण्यांचा, माग बंद पडल्यावर गावाचं काय होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. नवऱ्याला (ठाण्याचा) तो अल्बम 'बरा' वाटला. असो.

ताल सारखे बदलतात, पियानो मध्येच कुठून तरी येतो, ती मध्ये बोलते, मध्ये गाते. पहिल्या दोन वेळा डोक्यात शिरला नाही. तिसऱ्यांदा बसमध्ये, पाऊस, काच धुरकट, आणि एकदम सगळं लागलं. तुझी तीनदाची अट बरोबर आहे कर्जत.

घाटरस्ता
तीनदा?? माझा अल्बम दोन तासांचा आहे भाऊ. सिंडी ली, 'डायमंड ज्युबिली', ३२ गाणी. पॅट्रिक फ्लेगल, आधी विमेन नावाच्या कॅनेडियन बँडमध्ये होता, आता विग आणि चमचमता ड्रेस घालून सिंडी ली म्हणून उभा राहतो. अल्बम मार्चमध्ये आला तेव्हा कुठल्याच स्ट्रीमिंग अ‍ॅपवर नव्हता. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या वाटेल अशा एका वेबसाइटवर फाइल्स, वाटलं तर ३० कॅनेडियन डॉलर द्या, नाहीतर यूट्यूबवर दोन तासांचा एकच सलग व्हिडिओ. झालं. ना जाहिरात, ना काही, आणि तरी लोक वर्षभर याचंच नाव घेतायत.

वाशीहून पुण्याला जाताना लावला. यूट्यूबवर. खंडाळ्याच्या बोगद्यात नेट गेलं, गाणं बंद. बाहेर आलो, परत सुरू. पुढचा बोगदा, परत बंद. मग तो व्हिडिओ पहिल्यापासून. गाडी चालवताना दोन तासांच्या पट्टीवर बोटाने जागा शोधायची म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल, कामशेतपर्यंत पहिलं गाणं चार वेळा ऐकलं. घरी पोचल्यावर गुपचूप पैसे भरून फाइल्स उतरवल्या.

पण काय आवाज आहे यार. साठच्या दशकातलं एखादं रेडिओ स्टेशन रात्री दोनला लांबून पकडलंय, मध्ये मध्ये खरखर, आणि कुणीतरी तुटलेल्या काळजाने गातंय. ३२ पैकी पाच-सहा गाणी नसती तरी चाललं असतं, पण कुठली पाच-सहा ते दर वेळी बदलतं.

पेडलबोर्ड
@घाटरस्ता नेट नसताना अल्बम ऐकायचा म्हणजे फाइल पाहिजे हे आपण परत शिकतोय, कॅसेटकाका हसत असतील.

जुनी_कॅसेट
हसत नाही. पेन्सिल शोधतोय.

सखाराम_ड्रमर
भारतातलं एक पण नाव नाही? दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बेटा' ऑगस्टमध्ये आला. बीटा वाचा नाहीतर बेटा, दोन्ही चालतं. 'सडनली' ऐका, ट्रंपेट, जरा जॅझ, जरा जुन्या हिंदी गाण्यांतल्या कॅबरेसारखं, आणि गाणारा अगदी निवांत. मी सकाळी पोहे करताना लावतो. कांदा चिरण्यापासून लिंबू पिळण्यापर्यंत तीन गाणी होतात. सलग ऐकलाय, पोहे दोन वेळा खाली लागले.

कर्जत_स्लो
भारी लोक आहात. सिंडी ली उतरवायला लावलाय, कर्जतला जाऊन-येऊन दोन फेऱ्यांत होईल. @लीड्सची_सून बायकांनी लिहायचं म्हणजे काय, तुमच्याच पोस्टमुळे मी आज फरशीवालं गाणं पाच वेळा लावलंय. इचलकरंजीवर असा अल्बम कुणी करेल का मराठीत?

लीड्सची_सून
मागाचा खटखट आवाजच बीट म्हणून घ्या, ड्रमर लागणार नाही. सॉरी सखाराम.

फर्स्टक्लासपास
कॅसेटकाका, तुमचं ऐकून आज सकाळी ठाण्याला गाडी सुटल्यावर 'अलोन' लावलं. मुलुंड आलं तरी गडी तोंड उघडेना. मला वाटलं कानातला बड बिघडला, काढला, शर्टाला पुसला, परत घातला, तेवढ्यात गायला लागला. दादरला उतरायचं होतं, अल्बम निम्म्याच्या जरा पुढे. दारापर्यंत गेलो आणि तसाच आत आलो. 'एंडसाँग' संपलं तेव्हा गाडी सीएसएमटीला उभी होती, डब्यात मी आणि एक झोपलेला माणूस. उलटी गाडी पकडून दादर. लेटमार्क लागला, काका.