टेकडीवरच्या टाकीचं वायरलेस रात्री का बंद पडतं (सोसायटी ग्रुप)

सेक्रेटरी काका: टाकीची लेव्हल परत दिसेना. पहाटे ४ पासून वरचा वायरलेसचा डबा बंद. बॅटरी मोठी घ्यायची का, मीटिंगआधी बोला

सी-४०२: काका नुसती बॅटरी वाढवून फार काही होणार नाही, काल वर जाऊन बघितलं. रेडिओ (तोच वायरलेसचा डबा) खातो ८ वॉट, म्हणजे दिवसाचे १९२ वॉट-अवर. पण बॅटरीचं १२ व्होल्ट आधी इन्व्हर्टरमधून २३० करतोय आणि अडॅप्टरमधून परत खाली आणतोय, यात इन्व्हर्टर स्वतःच ६-७ वॉट गिळतोय, रात्रभर, आणि रोजचा खप साडेतीनशेच्या घरात. १०० वॉटच्या सोलर पॅनेलमधून चांगल्या उन्हात लॉसेस जाऊन तीनशेच मिळतात, मग दोन दिवस ढग आले की संपलं

ए-१०३: मग खालच्या मीटर रूमपासून वायर का ओढत नाही?

सी-४०२: ताई अंतर २०० मीटर. नेटवर्क केबलमधूनच पॉवर द्यायची तर १०० मीटरची लिमिट. वेगळी दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकून १२ व्होल्ट सोडले तर तीनेक व्होल्ट वाटेतच जातात, ४८ ने पाठवलं तर एक व्होल्टही पडत नाही. पण मध्ये नाला आहे, आणि एवढी लांब तांब्याची वायर वळवाच्या विजांमध्ये सर्ज (व्होल्टेजचा अचानक झटका) ओढून आणते, रेडिओ जळेल याची मला खरंच भीती वाटते

बी-२०१: 👍 सोलरच ठेवू

सी-४०२: हो. इन्व्हर्टर काढून थेट डीसी-डीसी कन्व्हर्टर, रेडिओला लागेल तेवढं व्होल्टेज द्यायचं बास. बॅटरी १०० एएचची (अँपिअर-अवर), लेड-ॲसिड असेल तर निम्मीच वापरायची म्हणजे तीन दिवस निघतात, लिथियम आयर्न फॉस्फेटला पाच. पॅनेल मात्र डबल करा, ढगाळ दिवसात ते पाव भागही देत नाही आणि रिकामी झालेली बॅटरी नंतर भरायलाही जास्तीचा करंट लागतोच. आणि पॅनेलवर झाडाची फांदी येते ती तोडा प्लीज, कोपऱ्यावर सावली पडली तरी आउटपुट धाडकन पडतं

सेक्रेटरी काका: आणि सकाळी वॉचमन दादांना वर पाठवावं लागतं ते?

सी-४०२: तो इन्व्हर्टर ट्रिप झाला की हाताने चालू करावा लागतो म्हणून. लो-व्होल्टेज कट (बॅटरी उतरली की रेडिओ बंद करणारा) असलेला चार्ज कंट्रोलर लावला की ऊन आल्यावर आपोआप चालू होईल. बॅटरीचं व्होल्टेज पण त्याच वायरलेस लिंकवर ग्रुपच्या ॲडमिनना दिसेल असं करतो